डॉ. ना. भा. खरे : फिर्याद आणि सूड

(धार जिल्ह्यातील बाग येथे तेथील मराठी मंडळींपुढे आमच्या संपादकांनी केलेल्या भाषणाची ही संहिता सीमाभागातील वाचकांसाठी देत आहोत.)



आपण मला येथे बोलाविले ते सीमाप्रश्नावर चार शब्द बोलावे म्हणून. पण त्या प्रश्नाचा पाढा मी येथे वाचणार नाही. आज मी एका माणसाविषयी बोलणार आहे. मराठी माणसाच्या अपमानाची गोष्ट निघाली की ज्यांचे नाव वक्त्यांच्या तोंडी हटकून येते, आणि ज्यांच्या चरित्राचा पूर्वार्ध टाळ्यांसाठी सांगून उत्तरार्ध गिळून टाकण्यात येतो, त्या डॉ. नारायण भास्कर खरे यांच्याविषयी. हे नाव बाग गावात काढण्यास कारणही आहे. हे गाव जरी आज धार जिल्ह्यात असले, तरी संस्थानी काळात ते धारच्या पवारांचे नव्हते, ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे होते. आपल्या गावाजवळच्या लेण्यांवर ग्वाल्हेर संस्थानाच्या पुराणवस्तू खात्याची पाटी होती. आणि ज्या ग्वाल्हेरने आपल्यावर राज्य केले, त्याच ग्वाल्हेरने स्वराज्याच्या पहिल्या लोकसभेत या डॉ. खऱ्यांना हिंदुमहासभेच्या तिकिटावर निवडून पाठविले. तेव्हा हा माणूस एका परीने आपल्याही ताळेबंदातला आहे.

१८८४ साली पनवेलीस जन्मलेला हा मुलगा लाहोरला जाऊन वैद्यकातील एम. डी. झाला. काही काळ सरकारी नोकरी करून त्यांनी नागपुरास दवाखाना थाटला आणि काँग्रेसमध्ये प्रवेश केला. नागपूरच्या राजकारणात त्यांचा जम लवकर बसला. ‘तरुण भारत’ हे पत्र प्रथम चालविले ते त्यांनीच. पुढे १९४४ मध्ये त्याच नावाचे दैनिक नागपुरास ग. त्र्यं. माडखोलकरांच्या संपादकत्वाखाली निघाले. १९४६ च्या बेळगावच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष ते हेच माडखोलकर; सीमाभागातल्या वाचकाला त्यांची ओळख करून द्यावयास नको. दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात असताना डॉ. खऱ्यांनी आर्यसमाजी लोकांचे जातिबाह्य विवाह कायदेशीर ठरविणारे विधेयक पुढे नेले. १९३७ साली त्याचा कायदा झाला. म्हणजे हा माणूस सनातनी नव्हता. जातीच्या बाबतीत तो आपल्या पिढीतील पुष्कळांपेक्षा पुढे होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे घडले ते जुनाट मताच्या माणसाचे वेड होते असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

आता १९३७ कडे येऊ. मध्यप्रांत व वऱ्हाड हा इंग्रजांनी आपल्या सोयीसाठी शिवलेला अंगरखा होता. त्याच्या एका बाहीत नागपूर-वऱ्हाडचे आठ मराठी जिल्हे आणि दुसऱ्या बाहीत महाकोशलचे हिंदी जिल्हे. काँग्रेसने मात्र आपली घडण भाषेवर केलेली असल्यामुळे या एका प्रांतात तिच्या तीन प्रांतिक समित्या होत्या : नागपूर, विदर्भ आणि महाकोशल. निवडणुकीत काँग्रेसला बहुमत मिळाले आणि त्या वर्षीच्या जुलैमध्ये डॉ. खरे मुख्यमंत्री झाले. त्यांच्या मंत्रिमंडळात पं. रविशंकर शुक्ल, पं. द्वारकाप्रसाद मिश्र आणि दु. शं. मेहता हे महाकोशलचे; रामराव देशमुख आणि पु. बा. गोळे हे वऱ्हाडचे. आणि कायद्याचे खाते शरीफ यांच्याकडे. मुख्यमंत्री मराठी, पण हिंदी भागाच्या आमदारांची संख्या अधिक. ही गाठ कोणत्या दिवशी सुटणार हे तिच्या जन्माच्या दिवशीच ठरलेले होते. द्विभाषिकाचा संसार हा नेहमी असाच चालतो. कारभाराचा प्रत्येक प्रश्न, नेमणूक असो की रस्ता असो, अखेरीस भाषेच्या चुलीवर जाऊन पडतो, आणि तो भाषेचा प्रश्न आहे असे म्हणणारा मात्र संकुचित ठरतो!

वर्षभरात भांडण विकोपाला गेले. १९३८ च्या मे महिन्यात पचमढीला काँग्रेसच्या वरिष्ठांनी मंत्र्यांमध्ये समेट घडवून आणला. तो समेट दोन महिनेही टिकला नाही. २० जुलैला डॉ. खऱ्यांनी, देशमुख व गोळे यांच्यासह, राज्यपालांकडे राजीनामा दिला आणि उरलेल्या मंत्र्यांनाही राजीनामे देण्यास सांगितले. शुक्ल, मिश्र व मेहता यांनी नकार दिला. वरिष्ठांच्या आज्ञेवाचून आम्ही जागा सोडणार नाही, असे त्यांचे म्हणणे. राज्यपाल सर फ्रान्सिस वायली यांनी रात्रभर हा खटाटोप केला, पहाटे त्या तिघांना बडतर्फ केले आणि २१ जुलैला डॉ. खऱ्यांनी नवे मंत्रिमंडळ बनविले. त्यात अग्निभोज या अस्पृश्य समाजातील गृहस्थांना त्यांनी मंत्री केले. वर्ध्याला पार्लमेंटरी उपसमिती जमलेलीच होती : सरदार पटेल, मौलाना आझाद, राजेंद्रबाबू. दोन दिवसांत, म्हणजे २३ जुलैला, डॉ. खऱ्यांना पुन्हा राजीनामा द्यावा लागला. ते सेवाग्रामास गेले. त्यांच्या निवेदनाच्या मसुद्यात गांधीजींनी आपल्या हाताने दुरुस्त्या केल्या. ते दुरुस्त निवेदन आपले म्हणून देण्यास डॉ. खऱ्यांनी नकार दिला. २६ जुलैला कार्यकारिणीने त्यांच्यावर ठपका ठेवणारा ठराव केला आणि महिना संपण्यापूर्वी पं. शुक्ल मुख्यमंत्री झाले. काँग्रेसचे अध्यक्ष त्या वेळी सुभाषबाबू होते, हेही ध्यानात ठेवावे. या प्रकरणाचे सारे खापर एकट्या सरदारांच्या माथी फोडणे इतिहासाला धरून होत नाही.

मराठी मुलखात यावर केवढे वादळ उठले! नरिमनांना आदल्या वर्षी मुंबईत डावलले होते. आता नागपुरात खरे. दोन्ही नावे एका दमात उच्चारली जाऊ लागली. डॉ. खऱ्यांनी आपली बाजू मांडणारी पुस्तिका काढली. मंत्रिमंडळात अस्पृश्य मंत्री घेतल्याबद्दल गांधीजींनी आपणांस दोष दिला, असे डॉ. खरे सांगत, डॉ. आंबेडकरांनी काँग्रेस व गांधी यांच्यावरील १९४५ च्या आपल्या ग्रंथात ही हकीकत वापरली आहे. आणि त्याच १९३८ च्या १ ऑक्टोबरला वेगळ्या विदर्भ प्रांताचा ठराव नागपूरच्या विधानसभेत रामराव देशमुखांनी मांडला आणि तो संमत झाला. डॉ. खऱ्यांच्या पदच्युतीला तीन महिनेही झाले नव्हते.

माझे मत विचाराल तर सांगतो. मंत्र्यांचे राजीनामे मागण्याचा मुख्यमंत्र्याचा अधिकार निर्विवाद होता. जगात जेथे जेथे संसदीय पद्धत आहे तेथे तो आहे. आमदारांनी निवडलेल्या नेत्याला आमदारांपुढे न नेता वर्ध्याच्या खोलीत उतरविणे, हे लोकशाहीला शोभणारे नव्हते. तेथवर डॉ. खऱ्यांची फिर्याद खरी आहे. पण पचमढीच्या समेटाला मान देणाऱ्या माणसाने काँग्रेसच्या पाठीमागे, रातोरात, इंग्रज राज्यपालाच्या सहीने आपल्या सहकाऱ्यांना घालवावे, हे कोणत्या काँग्रेसवाल्याला रुचले असते? त्यांनी आमदारांची बैठक बोलावून तेथे उघड मते मागितली असती, आणि हरले असते, तर आज त्यांचे चरित्र निराळे लिहिले गेले असते. मला त्यांच्या हरण्याचे एवढे वाटत नाही. वाटते ते याचे, की त्या जुलै महिन्यातून ते कधी बाहेर पडलेच नाहीत.

१९४३ मध्ये काँग्रेसचे पुढारी अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान असता डॉ. खरे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात जाऊन बसले. त्यांच्याकडे परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते आले. येथे त्यांनी काम चांगले केले, आणि ते न सांगणे अन्याय होईल. दक्षिण आफ्रिकेतील गोरे हिंदी माणसाला जमिनीपासून व वस्तीपासून तोडीत होते. त्यांच्याशी जशास तसे वागण्याचा कायदा १९४४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्यांना हिंदुस्थानात लागू करण्यात आला, आणि १९४६ च्या मार्चमध्ये त्या देशाशी असलेला व्यापारी करार मोडण्याची नोटीस हिंदुस्थान सरकारने दिली. तेथे आपले हायकमिशनर होते तेच नागपूरच्या मंत्रिमंडळातले रामराव देशमुख. गुलाम देशाच्या सरकारने गोऱ्या सत्तेच्या तोंडावर दार आपटावे, ही लहान गोष्ट नव्हती. दुर्बलाच्या बाजूने बोलण्याची धमक या माणसात होती. एका वर्षानंतर ती कोठे गेली?

१९४७ च्या एप्रिलमध्ये अलवरचे महाराज तेजसिंह यांनी त्यांना आपले दिवाण नेमले. अलवर आणि शेजारचे भरतपूर या दोन संस्थानांच्या मुलखात मेव नावाची शेतकरी जात पिढ्यान्पिढ्या राहत आली आहे. धर्माने मुसलमान, पण गोत्रे पाळणारी, पांडवांच्या कथा आपल्या बोलीत गाणारी, नांगर आणि गुरे यांवर जगणारी. या लोकांनी पूर्वीही सारावाढीविरुद्ध दरबाराशी झगडा केलेला होता. फाळणीच्या त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात या दोन्ही संस्थानांत मेवांची कत्तल झाली. पिसाळलेले जमाव तर होतेच. पण अधिक भयंकर गोष्ट ही, की संस्थानांची फौज त्यांत उतरली. गावे जाळण्यात आली. तिजारा तहशिलीसारखा मेवांचा दाट मुलूख ओस पडला. जे उरले त्यांतील पुष्कळांना शेंडी ठेवून ‘शुद्ध’ व्हावे लागले, आणि बाकीचे गुडगाव जिल्ह्यातील छावण्यांत किंवा पाकिस्तानात गेले. दोन्ही संस्थाने मिळून मृतांचा आकडा तीस हजारांच्या घरात जातो, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १९ डिसेंबर १९४७ ला गांधीजी गुडगावकडील घासेडा गावी गेले आणि त्यांनी मेवांना देश सोडू नका म्हणून सांगितले, ते याच हकालपट्टीमुळे.

आणि त्या अलवरचा दिवाण कोण? तर जातिबाह्य विवाहाचा कायदा करविणारा, अग्निभोजांना मंत्री करणारा, दक्षिण आफ्रिकेतील मजुराच्या हक्कासाठी गोऱ्यांशी झुंजणारा आपला मराठी डॉक्टर. आपण मेवांचे बंड मोडून काढले, अशी त्यांची या सर्व प्रकारावरची मांडणी. मेवांचे वेगळे राज्य स्थापण्याचा डाव होता, असे ते म्हणत. क्षणभर धरून चालू की काही पुढाऱ्यांच्या डोक्यात तसे काही होते. बंड मोडताना गुरे राखणाऱ्या पोराचे काय होते? विहिरीवर गेलेल्या बाईचे काय होते? ज्याने रोग्याची नाडी हातात धरण्यात आयुष्याची उमेदीची वर्षे घालविली, त्याने हा प्रश्न स्वतःला विचारला असता, तर त्याच्या १९५९ च्या आत्मचरित्रात त्याची एखादी खूण सापडली असती. तेथे आढळतो तो श्रेय घेण्याचा सूर.

मंडळी, मी परका माणूस, पण आपल्या गावात आज फिरलो. सिंधमधून मारवाड, मनावर अशा वाटेने आलेले मुसलमान खत्री येथे नदीकाठी कापडावर लाकडी ठसे उमटवितात. ते तांबडे-काळे कापड देशभर बागच्याच नावाने विकले जाते. या ठसेवाल्याचा आणि नागपूर-वर्ध्याच्या १९३८ मधील भांडणाचा काय संबंध? काहीच नाही. तिजाऱ्याच्या मेवाचाही तेवढाच होता. ज्यांनी डॉ. खऱ्यांना मुख्यमंत्रिपदावरून खाली खेचले ते पटेल, राजेंद्रबाबू, शुक्ल, मिश्र. आणि नऊ वर्षांनी ज्यांची घरे जळाली त्यांनी नागपूर हे नावही ऐकले असेल की नाही कोण जाणे. काँग्रेसवरचा त्यांचा राग एका पायरीने गांधींवर गेला, दुसऱ्या पायरीने गांधी ज्यांची बाजू घेत त्या मुसलमानांवर गेला, आणि तिसऱ्या पायरीला हाती संस्थानाची फौज होती. त्यांच्या अलवरच्या कारभाराचा दुसरा उलगडा मला करता येत नाही.

३० जानेवारी १९४८ नंतर सगळ्यांच्या नजरा अलवरकडे वळल्या. ७ फेब्रुवारीला भारत सरकारने तेथे आपला प्रशासक नेमला. महाराजांना व दिवाणांना दिल्लीत राहण्यास सांगण्यात आले. येथे मात्र न्यायाने बोलले पाहिजे. गांधीवधाच्या कटात डॉ. खऱ्यांचा हात असल्याचे सिद्ध झालेले नाही, आणि ज्याचे पाप नाही ते त्याच्या पदरात बांधू नये. मेवांचे आहे तेवढे पुरेसे आहे.

पुढे ते हिंदुमहासभेत गेले व १९४९ मध्ये तिचे अध्यक्ष झाले. १९५० च्या मार्चअखेर दिल्लीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना तीन महिन्यांसाठी शहरातून हद्दपार केले. पूर्व बंगालमधील निर्वासितांमुळे वातावरण तापलेले होते आणि डॉ. खऱ्यांची भाषणे त्यात तेल ओतीत, असा सरकारचा पक्ष. नवी राज्यघटना अमलात येऊन दोन महिने झालेले. डॉ. खरे सर्वोच्च न्यायालयात गेले. २६ मे १९५० ला निकाल लागला : पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी हुकूम उचलून धरला, न्या. महाजन व न्या. मुखर्जी यांनी विरुद्ध मत दिले. आता, प्रवेशबंदीचा आणि हद्दपारीचा हुकूम म्हणजे काय चीज असते, हे बेळगावच्या माणसाला विचारा. जिल्हाधिकाऱ्याच्या मनाची खात्री झाली एवढ्यावर माणसाला गावाबाहेर काढता येते, आणि त्या खात्रीच्या आत डोकावण्यास न्यायालय कचरते, ही वाट या निकालाने रुंद केली. डॉ. खऱ्यांचे राजकारण मला तिटकारा आणणारे आहे; तरी त्या दिवशी मी त्या दोन अल्पमताच्या न्यायमूर्तींच्या बाकावर बसलो असतो. हे वाक्य ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्या मला येथून दिसतात. पडू द्या.

आता ग्वाल्हेर. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत हिंदुमहासभेचे विष्णु घनश्याम देशपांडे हे ग्वाल्हेर आणि गुना या दोन्ही जागांवर निवडून आले. त्यांनी गुना राखले, ग्वाल्हेर सोडले, आणि त्या रिकाम्या जागी पोटनिवडणुकीत डॉ. खरे आले. ज्या शहरातील महासभेचे पुढारी डॉ. परचुरे यांना गांधीवधाच्या खटल्यात शिक्षा होऊन १९४९ मध्ये अपिलात ते सुटले होते, त्या शहराने अवघ्या तीन वर्षांनी हा कौल दिला. दरबाराची परंपरा होती. मध्यभारतात जमीनदारी नाहीशी होत होती आणि सरदार-जहागीरदार धास्तावलेले होते. काँग्रेसवर नाराजी होतीच. पण एक गोष्ट पाहा. ज्या माणसाचे राजकीय जीवन महाकोशलच्या हिंदी पुढाऱ्यांनी मराठी मुख्यमंत्र्याला पाडले या गाऱ्हाण्यातून पेटले, तो आता हिंदी मतदारांच्या दारी हिंदूंच्या नावाने मते मागीत होता. भाषेची फिर्याद तेथे कोणापुढे मांडावयाची? ती गळूनच पडली. विदर्भाचे आठ जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ ला हिंदी प्रांतातून सुटून मुंबई राज्यात आले. ज्या अंगरख्यात डॉ. खऱ्यांची मान आवळली गेली होती तो त्या दिवशी उसवला. तो उसवण्याचे श्रेय जे घेऊ शकतात, त्यांच्या यादीत त्यांचे नाव मला ठळक अक्षरात लिहिता येत नाही.

आमच्याकडच्या सभांतून यापुढे कोणी ‘खरे प्रकरण’ सांगेल, तेव्हा त्याने वर्ध्याला थांबू नये, तिजाऱ्यापर्यंत जावे, एवढेच माझे मागणे आहे. नाहीतर श्रोत्यांनी त्याला उभे राहून विचारावे.

त्यांच्या शेवटच्या वर्षांतील दोन गोष्टी सांगतो आणि बसतो. १९५७ साली राष्ट्रपतींच्या निवडणुकीच्या वेळी देशातील काही जागांच्या निवडणुका व्हावयाच्या होत्या. मतदारमंडळ अपुरे असताना निवडणूक होऊच शकत नाही, असा अर्ज डॉ. खऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयात केला. अर्ज फेटाळला गेला. पण पुन्हा कोणी हा मुद्दा काढू नये म्हणून १९६१ मध्ये घटनेत अकरावी दुरुस्ती करून सरकारने ती फट बुजविली. म्हातारपणीही त्यांची कायद्यातली नजर अशी तीक्ष्ण होती.

दुसरी गोष्ट १९५९ ची. रफीक झकेरियांनी पं. नेहरूंवर लेखसंग्रह संपादित केला आणि नेहरूंच्या या कट्टर विरोधकाकडूनही त्यात लेख मागितला. त्या लेखात डॉ. खऱ्यांनी नेहरूंचे शिक्षण इंग्रजांचे, संस्कार मुसलमानांचे आणि हिंदुपण केवळ जन्माच्या योगायोगाचे अशा अर्थाचा एक टोमणा मारला. १९७० मध्ये डॉ. खरे वारले. तो टोमणा आजही हातोहात फिरतो आहे. नेहरूंनी हे स्वतःच स्वतःविषयी म्हटले होते, असे त्याखाली लिहिलेले असते, आणि खऱ्यांचे नाव त्यावर कोठेही नसते.